वीज बंद झाली, हे सांगायचे कोणी?

उसाच्या फडाला आग लागली म्हणजे प्रथम धावतात ती गावची माणसे. बंब त्यानंतर येतो. तालुक्याच्या गावाहून, नाही तर साखर कारखान्यावरून निघालेली ती लाल गाडी पाणंदीच्या तोंडाशी येऊन थांबते, तोवर वाऱ्यावर पेटलेले पाचट निम्मा फड ओलांडून पुढे गेलेले असते. कोणी हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपतो आहे, कोणी पुढचा पट्टा तोडून रान मोकळे करतो आहे, आणि बांधावर जमलेले लोक ओरडून सांगत आहेत, 'गाडी आत घाला!' फडाच्या मधोमध, धुराआड, अकरा हजार व्होल्टच्या तीन तारा लोंबत असतात. पुष्कळदा आग लागलेली असते तीही त्याच तारा वाऱ्याने एकमेकींना घासल्यामुळे. बंबावरच्या तांडेलाला त्या क्षणी एकच गोष्ट कळायला हवी असते, आणि नेमकी तीच त्याला कोणी सांगत नाही. तारांत वीज आहे की नाही?

हा तांत्रिक तपशिलाचा प्रश्न वाटेल. पण आकडे मांडून पाहावेत. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी रस्ता ओलांडणारी अकरा हजार व्होल्टची तार जमिनीपासून किमान ६.१ मीटर उंच असावी असे ठरवले. रस्त्यापासून दूर, शेतातून जाणाऱ्या उघड्या तारेला मात्र ४.६ मीटर पुरेसे मानले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी हेच आकडे कायम ठेवले. चांगला पोसलेला ऊस तीन ते चार मीटर वाढतो. म्हणजे सर्व काही कायदेशीर असतानाही उसाचा शेंडा आणि उघडी तार यांत दोन-तीन हातांचेच अंतर उरू शकते. खांब कलला, गाळ्यातील ताण सैल पडला की तेही उरत नाही. गावठाणातील स्थिती याहून बरी नाही. अकरा हजार व्होल्टची तार इमारतीपासून आडवी १.२ मीटर दूर असली की नियम समाधान पावतो. बंबावरची ॲल्युमिनियमची सरकती शिडी साडेदहा मीटरपर्यंत उघडते. अरुंद बोळात, रात्री, धुरात ती शिडी सज्जाला टेकवू पाहणाऱ्या माणसाने तो सव्वा मीटर कसा मोजावा, याचे उत्तर नियमात सापडत नाही.

पाणी वीज वाहून नेते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण किती अंतरावरून आणि कोणत्या धारेने, हे ठाऊक असण्यावर फायरमनचा जीव अवलंबून असतो. नळीच्या तोंडातून निघणारी अखंड जाड धार तारेपर्यंत पोहोचली तर विजेला ती सलग वाट मिळते. तेच पाणी तुषारांच्या रूपाने सोडले तर थेंबाथेंबांत हवा राहते आणि ती वाट तुटते. फेस वापरल्याने धोका कमी होत नाही, कारण फेस हेही पाणीच. पाण्यात क्षार जितके अधिक तितके ते अधिक वीज वाहते. आणि उसाच्या क्षारपड पट्ट्यात बंबाची टाकी अनेकदा भरली जाते ती जवळच्या विहिरीवर.

धुराविषयी तर सार्वत्रिक अज्ञान आहे. तार आणि जमीन यांच्यामधील हवा हेच उघड्या तारेचे आवरण असते. खालून ज्वाला उठल्या, तप्त वायू आणि काजळी वर गेली की ते आवरण दुबळे होते, आणि तारेला कोणाचा स्पर्श नसतानाही वीज जमिनीकडे झेप घेऊ शकते. दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील या ऊस पिकवणाऱ्या देशांत उसाच्या आगींमुळे पारेषण वाहिन्या बंद पडणे ही अभियंत्यांची जुनी डोकेदुखी आहे. आपल्याकडे त्याच वाहिन्यांखाली माणूस नळी घेऊन उभा असतो.

तार तुटून पडली तर ती निकामी झाली असेही समजू नये. कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेतून वाहणारा प्रवाह कधी कधी इतका थोडा असतो की उपकेंद्रातील संरक्षक यंत्रणेला तो दोष म्हणून ओळखूच येत नाही. तार निमूट पडून राहते आणि तिच्याभोवतीची जमीन वीजभारित राहते. अशा जमिनीवर लांब ढांग टाकणाऱ्याच्या दोन पावलांमधून वीज वाहते. म्हणून पाऊल न उचलता, दोन्ही पाय जुळवून, घासत मागे सरावे लागते. तार बंबावरच पडली तर आत बसून राहावे. गाडी पेटली आणि उतरणे भागच पडले, तर गाडी व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पायांनी बाहेर उडी टाकावी. हे ज्ञान गुप्त नाही. ते सांगायला अर्धा दिवस पुरतो, अंगवळणी पाडायला वारंवार सराव लागतो. कंत्राटावर सहा-अकरा महिन्यांसाठी घेतलेल्या फायरमनला सराव कोण देणार? त्याचे बूट पाणी आत येऊ देत नाहीत, विजेपासून बचावासाठी ते बनवलेले नसतात, एवढे तरी त्याला कोणी सांगते काय?

तथापि सर्वांत फसवी असते ती बंद दिसणारी तार. शेतीचा वीजपुरवठा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पाळीपाळीने होतो, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पंप थांबलेले पाहून लोक सांगतात, 'लाइट नाही, बिनधास्त जा.' पण वेळापत्रकाने गेलेली वीज वेळापत्रकानेच परत येते. तारेखाली कोण उभे आहे हे तिला ठाऊक नसते. फीडर दोषाने बंद पडला असेल तर उपकेंद्रातील ऑपरेटर तो पुन्हा चालू करून पाहतो, कारण त्याच्यापर्यंत आगीची वर्दी गेलेलीच नसते. शिवाय कुठल्या तरी घरातील जनित्र वा इन्व्हर्टर चुकीच्या जोडणीमुळे त्याच तारांत उलटी वीज सोडत असेल, ते वेगळेच.

या सर्व धोक्यांवरचा उपाय वीज मंडळाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. लाइनमन खांबावर चढण्यापूर्वी 'परमिट' घेतो. उपकेंद्रात फीडर बंद होतो, तो कोणी चुकून चालू करू नये म्हणून पाटी लागते, वहीत वेळेसह नोंद होते. लाइनमन तारेवर डिस्चार्ज रॉड टाकून ती जमिनीशी जोडतो. आणि ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत केल्याखेरीज वीज सोडली जात नाही. ही पद्धत रोज काटेकोर पाळली जाते असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. खांबावर मेलेल्या लाइनमनांची कुटुंबे त्याची साक्ष देतील. पण पद्धत आहे. रेल्वेतही आहे: पंचवीस हजार व्होल्टच्या तारेपासून दोन मीटरच्या आत काम करायचे तर त्या भागाची वीज बंद करून, तारेचे अर्थिंग करून, लेखी परवानगी हाती आल्यावरच हात घालायचा. फायरमनच्या हाती असते ते फक्त कोणीतरी भ्रमणध्वनीवर दिलेले उत्तर: 'बंद करायला सांगितली आहे.' सांगितली आणि झाली यांच्यामध्ये एक माणूस मरू शकतो.

हे असे का, याचे मूळ कारभाराच्या रचनेत आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अग्निशमन हे नगरपालिकांच्या विषयांत घातले. वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन वितरणाची कंपनी झाली. परमिट ही एकाच आस्थापनेतील दोन नोकरांमधली व्यवस्था होती. बंबावरचा माणूस त्या आस्थापनेचा नाही, म्हणून तो व्यवस्थेच्या बाहेर. दोन्हीकडचे अधिकारी नियमावर बोट ठेवून नामानिराळे राहू शकतात.

आणि खर्चाचा हिशेब पाहिला म्हणजे ही उदासीनता निव्वळ आळसाची नाही हेही कळते. दोन खांबांच्या मध्ये आणखी एक खांब रोवणे, सैल गाळा ताणून घेणे, तारांमध्ये स्पेसर बसवणे, हा खर्च कंपनीच्या वहीत दिसतो. तो न केल्याचा खर्च तिच्या वहीत येत नाही. तो जळीत उसाच्या कपातीच्या रूपाने शेतकऱ्याच्या बिलात, आणि कधी फायरमनच्या घरात जमा होतो. आपला खर्च दुसऱ्याच्या माथी मारून ताळेबंद सुधारण्याला अर्थशास्त्रात सभ्य नाव आहे, एवढेच. २०२१ मध्ये केंद्राने वितरण सुधारणेची तीन लाख कोटींहून मोठी योजना आणली, तिची मुख्य कसोटी वीजगळती आणि वसुली ही होती. २०२३ मध्ये अग्निशमन दलांच्या आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटींची योजना आली. ते पैसे स्वागतार्हच. पण नव्या कोऱ्या बंबालाही लाइन बंद झाल्याचे कळत नाही.

मृत्यूनंतरचा कायदा त्या मानाने स्पष्ट आहे. २००२ मध्ये मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तुटून पडलेल्या तारेने माणूस मेला तर मंडळाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. धोकादायक वस्तू बाळगणाऱ्यावरच जबाबदारी. निकाल न्याय्य होता, परंतु त्याची फळे वारसांना मिळतात. देशात अलीकडे वर्षाला बारा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात. त्यांत अग्निशामक जवान वेगळा मोजलेला नसतो. जानेवारी २०२४ मध्ये अहमदाबादेत उच्चदाब वाहिनीवर अडकलेला पक्षी सोडवताना एक जवान असाच मेला. पक्ष्यासाठी वीज बंद करवून घेणे कोणाला सुचत नाही. माणूस पाठवणे मात्र सहज सुचते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. फीडर बंद केला तर पाणीपुरवठा थांबेल, दवाखाना अंधारात जाईल. शिवाय लेखी परमिट येईपर्यंत आग थांबणार आहे काय? पहिल्या भागाला उत्तर आहे: वाहिनीवर ए. बी. स्विच असतात ते तेवढाच भाग तोडण्यासाठी. ते गंजून अडकले असतील तर तो देखभालीचा दोष. परमिटही आधी शब्दाने, नाव आणि वेळ दोन्हीकडे नोंदवून देता येते. अर्थिंगसाठी लाइनमन मागाहून पोहोचेल. दुसऱ्या भागाचे उत्तर कटू आहे. आग थांबणार नाही. वीज बंद झाल्याचा शब्द येईपर्यंत तारेखालचा ऊस जळू द्यावा लागेल, आणि बंबाने तारांपासून दूर राहून शेजारचा फड राखावा लागेल. ज्याचे वर्षाचे पीक डोळ्यांदेखत जळते आहे त्या शेतकऱ्याला हे सांगणे सोपे नाही. बांधावरून शिव्या येतील, प्रसंगी बंबावर दगडही. म्हणूनच हा निर्णय तांडेलाच्या एकट्याच्या धैर्यावर सोडता कामा नये. तो पालिकेचा लेखी आदेश असला पाहिजे. आणि शेतकऱ्याने तो मानावा असे वाटत असेल, तर तारेमुळे जळालेल्या उसाला कारखान्याने तत्काळ तोड द्यावी, कपात करू नये आणि ती तूट वितरण कंपनीकडून वसूल व्हावी, ही मागणी त्याच आदेशाबरोबर पुढे रेटली पाहिजे. नाही तर दोन कष्टकऱ्यांना जळत्या फडाच्या काठावर एकमेकांविरुद्ध उभे करून ज्याची तार लोंबते तो घरी निवांत झोपेल.

गाळप हंगामापूर्वी नगरपालिकेच्या सभेत आपल्या सदस्यांनी आणि कर्मचारी संघटनेने काही साधे प्रश्न विचारावेत. अग्निशामक केंद्राच्या भिंतीवर तालुक्यातील फीडरांचा नकाशा आणि प्रत्येक उपकेंद्राचा थेट दूरध्वनी आहे काय? रात्री तो कोण उचलतो? कंत्राटी फायरमनला नेमणुकीपूर्वी तारांविषयी काय शिकवले जाते, आणि कोण शिकवते? गेल्या हंगामातील वर्दीवहीत आगीची वेळ, बंब निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ नोंदलेली असेल. वीज बंद झाल्याची वेळ आणि तसे सांगणाऱ्याचे नाव किती नोंदींत आहे? बहुधा वहीत तसा रकानाच नसेल. तो त्याच सभेत आखून घ्यावा.