वाद्यवृंदात मुलांना जागा

मुलांना संगीत शिकवावे असे कोणी म्हटले, की ‘त्याने गणितात गुण वाढतील का?’ हा प्रश्न पाठोपाठ येतो. मग संगीत शिकवणाऱ्या संस्थाही आश्वासने देऊ लागतात : बुद्धी तल्लख होईल, मुले वाईट मार्गाला लागणार नाहीत, दारिद्र्यही हटेल! संगीतशिक्षणाची बाजू अशा आश्वासनांच्या आधारे मांडणे मला धोक्याचे वाटते.

दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएलाचे उदाहरण पाहू. अर्थतज्ज्ञ आणि संगीतकार होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ साली काराकास या राजधानीत मोजके तरुण वादक एकत्र आणले. त्यातून ‘एल सिस्तेमा’ ही देशव्यापी चळवळ उभी राहिली. मूल शाळा सुटल्यावर वस्तीजवळच्या केंद्रात जाते. तेथे शुल्क नाही आणि वाद्यही केंद्राचेच. अगदी लहानांच्या हाती आधी कागदाचे व्हायोलिन देतात. ते कसे धरावे, कसे जपावे, हे त्यातून अंगवळणी पडते. आपल्याकडे शिष्य गुरूसमोर बसून वर्षानुवर्षे साधना करतो आणि मग सभेत येतो. तेथे मात्र चार स्वर येऊ लागले, की मूल वाद्यवृंदातच बसते. शेजारच्याचे वादन ऐकत, मात्रा मोजत, आपली पाळी येईपर्यंत थांबणे हाही तेथील शिक्षणाचाच भाग असतो.

याच केंद्रांतील सुमारे तीन हजार मुलांची पाहणी २०१२-१३ मध्ये झाली. शिकणाऱ्या मुलांचा आत्मसंयम काहीसा वाढलेला दिसला. बौद्धिक कौशल्यांत मात्र उल्लेखनीय फरक आढळला नाही. म्हणून केंद्रे बंद करावीत काय? मुळीच नाही. गणित शिकल्याने गळा सुरेल होतो का, असे कोणी विचारत नाही. मग संगीतालाच ही परीक्षा का?

त्या पाहणीतील दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. केंद्रात आलेल्या मुलांत गरीब घरांतील मुलांचे प्रमाण त्या त्या प्रांताच्या मानाने बरेच कमी होते. शिक्षण विनामूल्य असले, तरी धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी किंवा संध्याकाळी कामावर जाणारा मुलगा तेथवर पोहोचतोच असे नाही. या पुस्तकाच्या अनेक वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

आपल्या देशातही या विचाराचा एक जुना धागा आहे. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८च्या सुमारास मैहर संस्थानात साथीच्या रोगामुळे अनाथ झालेली मुले जमवून त्यांचा वाद्यवृंद उभारला. सतार, सरोद यांच्या जोडीला बंदुकीच्या नळ्यांपासून केलेले ‘नलतरंग’ हे वाद्यही त्यात होते. मुले निराधार होती, म्हणून ती जमवली होती.

आज आपल्या शहरांतील वाद्यवृंदांनी मुलांना वर्षातून एकदा सभागृहात नेऊन तासभर संगीत ऐकवले, एवढ्यावर समाधान मानू नये. संध्याकाळी रिकाम्या पडणाऱ्या शाळांच्या खोल्या त्यांनी मागून घ्याव्यात. तालमीची वेळ मुलांना विचारून ठरवावी, धाकट्या भावंडांना सोबत येऊ द्यावे. आणि वाद्य घरी न्यायची परवानगी असावी. मोडेल ना? मोडेलच कधीतरी. दुरुस्तीची रक्कम वर्षाच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेली असावी.