पाहणी आधी की पाणी आधी?

वडिवळे धरणातून इंद्रायणीत पाणी सोडले, अशी दोन ओळींची वार्ता वारीच्या दिवसांत आमच्या वाचकांच्या दृष्टीस पडते, आणि आळंदीची सोय झाली म्हणून जो तो निश्चिंत होतो. मावळातील वडिवळे शहरास ठाऊक आहे ते एवढ्यापुरतेच. आम्हीही पूर्वी वर्गात भूगोल शिकविताना धरणांची उंची मुलांकडून पाठ करून घेतली. भिंतीमागे कोणाचे शेत गेले, हा प्रश्न परीक्षेत कधी घातला नाही.

तो प्रश्न विचारणे हे समाजशास्त्रज्ञाचे काम होय. महाराष्ट्रात ते उत्तम झाले, पण उशिरा. कोयनेचे पाणी अडविण्यास १९६२ च्या सुमारास आरंभ झाला. तेथील विस्थापितांविषयी डॉ. इरावती कर्वे व जाई निंबकर यांनी केलेली पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. मावळास लागून असलेल्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला. त्यावरील राजेंद्र व्होरा यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला २००९ साली. पुण्यात राहून मुळशीच्या जमिनीची मालकी सांगणाऱ्यांचे लक्ष मोबदल्याकडे होते, आणि ती कसणाऱ्या कुळांना जमीनच हवी होती, हा त्या लढ्यातील भेद पुणेकर वाचकाने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. ‘गावकऱ्यांची संमती आहे’ असे कोणी म्हणतो, तेव्हा गावकरी म्हणजे कोण, हे आधी विचारले पाहिजे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने हाच प्रश्न संपादनाच्या आधी आणून ठेवला. प्रकल्पाचा समाजावर काय परिणाम होईल याची पाहणी करावी, लोकांची जाहीर सुनावणी घ्यावी, अहवाल स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीस द्यावा, आणि ज्या तज्ज्ञगटापुढे तो जाईल त्यात दोन बिनसरकारी समाजशास्त्रज्ञ असावेत, असे त्याने ठरविले. सातबाऱ्यावर नाव नसलेला, परंतु तीन वर्षे त्या जमिनीवर पोट भरणारा मजूरही बाधितांत धरला गेला. मावळातील कातकऱ्याचे नाव सरकारी कागदावर चढण्याची ही एक वाट होती.

पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले, तो दिवस ९ ऑगस्ट २०११. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्यू पावले. योजना थांबविण्यात आली ती त्यानंतर. शेतकऱ्यांच्या मनातील भय कागदावर आणण्यास त्या वेळी कायद्याची अशी सक्ती नव्हती. दोन वर्षांनी ती आली, आणि २०१८ साली राज्याच्या दुरुस्तीने औद्योगिक क्षेत्रे, परवडणारी घरे व पायाभूत सुविधा यांना त्या पाहणीतून सूट देण्याचा अधिकार शासनाने स्वतःकडे घेतला. मावळासारख्या तालुक्यात जमीन मागितली जाते ती बहुधा याच कामांसाठी!

पाहणीने विलंब होतो, हा शासनाचा युक्तिवाद आम्ही अगदीच निरर्थक मानीत नाही. परंतु कायद्याने तीस सहाच महिन्यांची मुदत दिली आहे. मुळशीच्या संशोधनास अठ्ठ्याऐंशी वर्षे थांबलेल्या महाराष्ट्राला सहा महिने जड का व्हावेत? जेथे सूट दिली असेल तेथे तिचे कारण शासनाने त्या गावच्या ग्रामसभेपुढे मराठीत मांडावे, आणि आपल्या विद्यापीठांनी निमंत्रणाची वाट न पाहता, पाणी चढण्यापूर्वी तेथे जावे.