ओगलेवाडीला संग्रहालय हवे

कऱ्हाडनजीकच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना उभारला आणि त्यातून बाहेर पडलेला ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रातील असंख्य घरांत, गोठ्यांत आणि खळ्यांवर तेवत राहिला, ही हकीकत जुन्या पिढीस सांगावी लागत नाही. परंतु कारखाना बंद पडल्यानंतर वाढलेल्या पिढीस ओगलेवाडी हे रेल्वेमार्गावरील एक गाव एवढेच ठाऊक आहे, आणि म्हणूनच या उद्योगाचे सुसज्ज सार्वजनिक संग्रहालय तेथेच, त्या मातीत, उभे राहिले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

कंदील ही सामान्य वस्तू खरी. पण तिच्या काचेला आतून ज्योतीची धग आणि बाहेरून पावसाचे थेंब एकाच वेळी सोसावे लागतात. त्यासाठी वाळू, सोडा व चुना यांचे प्रमाण जमावे लागते, मुशीतील रस नेमका पातळ व्हावा लागतो, फुंकनळीच्या टोकावरचा गोळा साच्यात फुगवताना त्याची जाडी सर्वत्र सारखी उतरावी लागते, आणि तयार नग मंद होत जाणाऱ्या उष्णतेत सावकाश निववावा लागतो. अन्यथा काचेत दडून राहिलेला ताण तिला कधी तडा देईल याचा नेम नसतो. कंदिलाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यादेखील शोभेच्या नव्हेत, त्या पोकळ असून ज्योतीला हवा पुरवतात. एवढी विद्या शेतकऱ्याच्या खुंटीवर टांगलेली होती!

स्वदेशीच्या चळवळीत पैशापैशाने उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगावात काच कारखाना काढला, त्याच काळाची ओगल्यांचा कारखाना ही संतती. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर जागा दिली, ओगले बंधूंच्या उद्योगासही उत्तेजन दिले, आणि पुढे १९३८ साली यमाईच्या डोंगरावर चित्रशिल्पांचे संग्रहालय बांधले. चित्रांना व शिल्पांना जो मान या राजाने दिला, तोच मान त्याच्या आश्रयाने वाढलेल्या कारखान्यातील साच्यांना, मुशींना, हजेरीपटांना आणि रोजकीर्दीच्या वह्यांना मिळणे सर्वथा न्याय्य आहे.

मात्र संस्थापकांच्या तसबिरी, त्यांवर हार आणि खाली संगमरवरी पाटी, एवढ्यावर भागू नये. संस्थापकांचे ऋण मोठे आहेच. परंतु भट्टीसमोर उभे राहून रसाचा रंग पाहताच तो तयार झाला की नाही हे ओळखणाऱ्या कारागिराचे ज्ञान कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसते, आणि ते त्याच्याबरोबरच नाहीसे होते. त्यामुळे सरकारने व जिल्हा परिषदेने इमारतीच्या मंजुरीची वाट न पाहता, हयात असलेल्या कामगारांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती आधी ध्वनिमुद्रित कराव्यात, घरोघरच्या माळ्यांवरील कंदील, हत्यारे व कागदपत्रे रीतसर पावती देऊन जमा करावीत, आणि या कामी वेळ देणाऱ्या वृद्ध कारागिरांना योग्य मानधन द्यावे. यास फार मोठ्या रकमेची तरतूद लागणार नाही; इमारतीची तजवीज त्यानंतर सवडीने करता येईल.