मोजदाद झाली, प्रश्न उरला

२० व २१ नोव्हेंबर २०२४ रोजी इराकभर संचारबंदी होती. कारण युद्ध नव्हे, जनगणना! १९८७ नंतर प्रथमच संपूर्ण देशाची शिरगणती झाली. १९९७ मध्ये कुर्दिस्तानचे तीन प्रांत वगळले गेले होते. राज्यघटनेनुसार दर लाख लोकसंख्येमागे एक संसद सदस्य, आणि लोकसंख्या मात्र अंदाजपंचे! आता प्राथमिक आकडा साडेचार कोटींवर गेला. प्रांतांचा निधी, शाळा, रुग्णालये यांना निदान आधार मिळाला.

मात्र प्रगणकांनी धर्म विचारला. वंश विचारला नाही, शिया की सुन्नी हेही नाही. भीती होती किरकुकची. तेलाने समृद्ध अशा या प्रांतावर कुर्द, अरब आणि तुर्कमेन तिघेही हक्क सांगतात. सद्दाम हुसेनच्या राजवटीने तेथून कुर्दांना हुसकावून अरब वसवले. २००३ नंतर कुर्द परतू लागले. अशा ठिकाणी प्रत्येक डोके म्हणजे मत, आणि मतामागे तेल. २००५ च्या राज्यघटनेतील १४० व्या कलमाने २००७ अखेर तेथे जनगणना व सार्वमत घेण्याचे बंधन घातले होते. ते घडलेच नाही.

वंशाचा रकाना गाळला म्हणूनच गणना पार पडली, हे व्यवहारचातुर्य मान्य करावेच लागेल. परंतु किरकुकमध्ये कोण किती, या वादात आजही दाखला दिला जातो तो १९५७ च्या जनगणनेचा.