वैद्यभगिनींचा नववर्षसंकल्प

जानेवारी उजाडला की संकल्पांचे पीक येते. पहाटे उठणे, नित्य व्यायाम, ग्रंथवाचन, वजन घटविणे, मुलांना अधिक वेळ देणे अशी यादी दैनंदिनीच्या पहिल्या पानावर उतरते आणि संक्रांतीचा तिळगूळ संपण्यापूर्वीच बहुधा विस्मृतीत जाते. चिकित्सालय, संसार आणि अपत्यसंगोपन अशा तिन्ही आघाड्या सांभाळणाऱ्या वैद्यभगिनींच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडते. याचे खापर त्यांच्या निश्चयशक्तीवर फोडणे आम्हांस मान्य नाही. दोष संकल्पाच्या रचनेत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे सर्व संकल्प दिवसात भर घालणारे असतात. ज्या दिवसात तसूभर जागा नाही, त्यात आणखी एक तास कोठून यावा? केंद्र शासनाच्या २०२४ च्या कालविनियोग सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. मुलांची व वृद्धांची शुश्रूषा यात धरलेली नाही. नावापुढे वैद्यकीय पदवी लागल्याने हा हिशेब फारसा बदलतो, असे निदान आमच्या परिसरात तरी दिसत नाही.

आम्ही चिकित्सक आहोत, तशाच शाळकरी मुलांच्या माताही आहोत. नव्या वर्षासाठी आम्ही एकच संकल्प योजिला आहे : वेगधारण करावयाचे नाही. चरकाचार्यांनी नवेगान्धारणीय अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले. त्यांपैकी मूत्र, क्षुधा, तृष्णा आणि निद्रा हे चार वेग व्यवसाय करणाऱ्या माता नित्य रोखून धरतात. सकाळी दहा ते दुपारी दोन रुग्णतपासणी चालते. बाहेर बाके भरलेली असतात. पुष्कळ ठिकाणी चिकित्सालय म्हणजे भाड्याचा एक गाळा, त्यास स्वच्छतागृह नाही. म्हणून पाणीच प्यावयाचे नाही, अशी युक्ति कित्येक भगिनी काढतात. शेवटचा रुग्ण गेल्यावर जेवण, तेही शाळेची बस येण्याच्या आत. समोरच्या रुग्णेस मूत्रकृच्छ्राचे कारण समजावून सांगणारी वैद्या त्याच क्षणी स्वतः तो हेतु सेवन करीत असते. शिरःशूल, अंगमर्द, अरुचि, भ्रम ही लक्षणे आपण ग्रंथात पाठ केली आहेत. ती आपल्याच घरात ‘दगदग’ या नावाने वावरतात.

औषधालयांच्या मालकांनीही येथे लक्ष द्यावे. विक्रीच्या फळीमागे वा चूर्णाच्या पुड्या भरण्याच्या खोलीत तासन्‌तास उभ्या असणाऱ्या स्त्रिया बहुधा माताच असतात. कडी लागणारे स्वच्छतागृह आणि जेवणाची ठरलेली वेळ यांस फार खर्च येत नाही.

ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचा आग्रह तर वैद्यभगिनींस अपराधी वाटावयास लावतो. वाग्भटांचा तो उपदेश स्वस्थासाठी आहे, हे आपण विसरतो. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्र काढलेल्या मातेस तो लागू करू नये. तिच्यासाठी त्याच आचार्यांनी वेगळी सोय सांगून ठेवली आहे : जितका वेळ जागरण झाले, त्याच्या निम्मा वेळ सकाळी काही न खाता झोपावे. ही शास्त्राज्ञा सासूबाईंना वाचून दाखविण्यास हरकत नाही.

अभ्यंगाचेही तसेच. सर्वांगास तैल चोळून उष्णोदकाने स्नान करण्याइतकी सवड नसेल, तर शिर, कर्ण आणि पाद या तीन स्थानी वाग्भटांनी विशेषेकरून सांगितलेला अभ्यंग दहा मिनिटांत होतो. व्यायाम अर्धशक्तीने करावयाचा आहे, धाप लागेपर्यंत नव्हे. आपला वर्षारंभ पाडव्यास, जानेवारीत कसले संकल्प, असे म्हणणारे काही ज्येष्ठ आहेत. त्यांचा मान राखून आम्ही एवढेच म्हणू की हेमंत-शिशिरात अग्नि व बल उत्तम असल्याने आरंभास हा काळ मुळीच वाईट नाही. मात्र नवी सवय पादांशिक क्रमाने लावावी. एक पाद, मध्ये विराम, मग दुसरा पाद. हा क्रम आपण रुग्णांस व्यसन सोडविताना सांगतो. एक जानेवारीस स्वतःसाठी मात्र चारही पाद एकदम उचलतो.

या महिन्यात आम्ही केलेला बदल अगदी लहान आहे. बारा वाजता दहा मिनिटे तपासणी थांबते. तशी पाटीच दारावर लावली आहे. पहिल्या आठवड्यात दोघा-तिघांनी कुरकुर केली, नंतर रुग्णच ‘ताई, बारा वाजले’ म्हणून आठवण देऊ लागले. दुपारच्या जेवणाचे ताट वाढण्याचे काम घरातील पुरुषमंडळींकडे गेले आहे. मीठ कधी कमी पडते, पण ताट वेळेवर येते.

उरला प्रश्न आपल्या संघटनांचा. शास्त्रचर्चा रविवारी सकाळी नऊला ठेवावयाची आणि भगिनींची उपस्थिती अल्प म्हणून खेद व्यक्त करावयाचा, ही प्रथा जुनी आहे. रविवारची सकाळ ही घरोघरी मातेच्या सर्वाधिक कामाची वेळ असते. येत्या वर्षातील एक तरी चर्चासत्र शनिवारी दुपारी ठेवावे, शेजारच्या खोलीत मुलांस बसावयास सतरंजी व चित्रांची पुस्तके असावीत, आणि मध्यंतर छापलेल्या वेळेवरच व्हावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे लेखी ठेवीत आहोत.