सहा अंडी आणि एक शाळा

मैत्रिणींनो, गेल्या आठवड्यात सातवीच्या वर्गात मी चांगलीच तोंडघशी पडले. शेंगदाण्याचं लोणी, म्हणजे ते बरणीतलं पीनट बटर हो, कार्व्हरने शोधून काढलं असं मी गेली कित्येक वर्षे मुलांना ठासून सांगत आले आहे. परवा एक चिमुरडी उठली आणि म्हणाली, "बाई, ते त्यांच्या आधीच निघालं होतं." मी तिला "बस खाली" म्हटलं. घरी येऊन पुस्तकं काढली, तर पोरीचंच खरं! कार्व्हरची शेंगदाण्यावरची प्रसिद्ध पुस्तिका १९१६ सालची आणि त्या लोण्याची पेटंटं एकोणिसाव्या शतकातच घेऊन झालेली.

पण चूक शोधायला म्हणून बसले, ती वाचतच राहिले. संध्याकाळचा कुकर उशिरा लागला आणि घरच्यांनी काय ते समजून घेतलं.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं. तेव्हापासून टस्कीगी हे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. हे गाव अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत. आपल्याकडे तालुका, जिल्हा असतो, तशी तिथे काउंटी. कापसाचा मुलूख, मळे गोऱ्यांचे, राबणारे हात काळ्यांचे. गुलामगिरी कायद्याने गेली १८६५ साली. दारिद्र्य आणि अक्षरशत्रुत्व मात्र मागे राहिलं. आणि एवढ्याशा मुलुखातून माणसं निघाली ती पाहा!

बुकर वॉशिंग्टन हा स्वतः गुलामीत जन्मलेला तरुण. ४ जुलै १८८१ रोजी त्याने इथे काळ्या मुलामुलींसाठी शाळा उघडली. सरकारने वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर केले होते, पण ते फक्त शिक्षकांच्या पगारापुरते. जागा नाही, इमारत नाही. पुढे एक ओसाड पडलेला मळा पाचशे डॉलरला ठरवला, त्यावरचा तबेला आणि कोंबड्यांचं खुराडं झाडूनपुसून तिथे वर्ग भरवले. विटा मुलांनीच पाडल्या. तीन वेळा भट्टी फसली. चौथ्या वेळी वॉशिंग्टनने आपलं घड्याळ गहाण टाकून पंधरा डॉलर आणले.

हे सगळं त्याच्या नावावर जमा आहे, आणि ते रास्तच आहे. पण ऑलिव्हिया डेव्हिडसन हे नाव तुम्ही ऐकलं होतंत? मी नव्हतं ऐकलं. त्याच वर्षी ती तिथे शिकवायला आली. कर्ज फेडायचं कसं, म्हणून ही बाई गावात दारोदार फिरली. गोऱ्यांच्या घरी गेली, काळ्यांच्याही. कुणी केक दिला, कुणी कोंबडी, कुणी पाव, आणि ते सगळं जत्रेसारखं मांडून विकून तिने पैसे उभे केले. हळदीकुंकवाची वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्याला ठाऊक आहे, दार वाजवायला किती धीर लागतो! पुढे तिने वॉशिंग्टनशीच लग्न केलं आणि १८८९ साली, ऐन पस्तिशीच्या आत, ती गेली.

त्याच दिवसांत सत्तरीची एक म्हातारी काठी टेकत आली. अंगावर चिंध्या, पण स्वच्छ. सारी उमर गुलामीत गेलेली. म्हणाली, पैसे नाहीत माझ्याकडे, ही साठवलेली सहा अंडी घ्या आणि पोरांच्या शिक्षणाला लावा. पुढे शाळेला मोठमोठ्या लक्षाधीशांच्या देणग्या आल्या, पण ह्या सहा अंड्यांइतकी कुठलीच देणगी मनाला भिडली नाही, असं वॉशिंग्टनने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

त्याची पुढची पत्नी मार्गारेट मरे. १८९२ साली शेतकऱ्यांची परिषद भरली, तिथे बायकांना काही स्थानच नाही असं तिला दिसलं. शनिवारी आसपासच्या बाया बाजाराला येत, तो दिवस तिने धरला आणि मातांच्या बैठका सुरू केल्या. घर टापटीप कसं ठेवावं, मुलांना काय खायला घालावं, दोन पैसे कसे वाचवावे. म्हणजे आपल्या ह्याच पानांवर असतं तेच की! पहिल्या दिवशी मूठभर बाया होत्या, त्या वाढत वाढत शेकड्यांवर गेल्या.

आता कार्व्हर. तो १८९६ साली टस्कीगीला आला. कापसाने पिळून निघालेल्या जमिनीत भुईमूग आणि चवळी लावा, असं तो घसा कोरडा करून सांगत राहिला. पुस्तिकेत त्याने शेंगदाण्याच्या एकशे पाच पाककृती दिल्या आहेत: सूप, पाव, आइस्क्रीमसुद्धा! मला मात्र त्याचा विणकाम-भरतकामाचा नादच फार आवडला. लहानपणी प्रकृती तोळामासा, म्हणून घरकामात वाढला आणि सुई त्याच्या हातात कायमची राहिली. कॉलेजात असताना लोकांचे कपडे धुऊन त्याने पोट भरलं. आमच्या घरी शर्टाचं बटण तुटलं की अजूनही मलाच हाक येते, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आणखी एक नाव तुम्हांला माहीत असेलच. बसमधली जागा सोडायला १९५५ साली नकार देणाऱ्या रोझा पार्क्स. त्यांचा जन्म टस्कीगीचाच, १९१३ सालचा. आई शिक्षिका, वडील सुतार.

पण एक पान असं आलं की वाचवेना. ह्याच मेकन काउंटीत १९३२ पासून चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे काळ्या पुरुषांवर एक 'अभ्यास' चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना गरमीचा रोग होता. त्यांना फक्त "तुमचं रक्त बिघडलंय" एवढंच सांगितलं. पेनिसिलिनचं औषध हाताशी आलं तरी दिलं नाही. बायकांना रोग लागला, मुलांना लागला. हे सगळं १९७२ साली बाहेर आलं आणि राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ साली.

ह्या माणसांना गाडीतून दवाखान्यात नेणारी युनिस रिव्हर्स ही परिचारिका काळीच होती, टस्कीगीतच शिकलेली. ती त्यांच्या घरी जायची, त्यांची विचारपूस करायची. लोकांचा तिच्यावर जीव होता आणि त्या विश्वासावरच सगळं चाललं. पुढेही आपण त्या माणसांची सेवाच केली असं ती म्हणत राहिली. तिला सरसकट दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वरच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडायची तिची काय प्राज्ञा होती? पण तिला औषध ठाऊक होतं, हेही विसरता येत नाही. ह्या बाईचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हांला काही वाटलं तर जरूर लिहा.

सोमवारी वर्गात त्या पोरीला उभं केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझं बरोबर होतं, माझं चुकलं." मग अंड्यांची गोष्ट सांगितली. बाईसाहेबांचा लगेच दुसरा प्रश्न तयार: "त्या आजीचं नाव काय, बाई?"

वॉशिंग्टनने तिचं नाव दिलेलं नाही.