गणितालाही हवी हक्काची खोली

एखादी शाळा बघायला गेलात की मुख्याध्यापक तुम्हाला हौसेनं फिरवतात. ही आमची प्रयोगशाळा, ही कॉम्प्युटरची खोली, हे ग्रंथालय, इथं चित्रकला. यात गणिताची खोली कुठली, असं विचारून बघा. समोरचा माणूस जरा चमकतोच. गणिताला कशाला हवी खोली? खडू आणि फळा असला की झालं!

मी कोल्हापुरात सहावी ते आठवीच्या मुलामुलींना गणित शिकवते. माझं स्पष्ट मत आहे की, आपल्या शाळांमध्ये गणिताइतका उघड्यावर पडलेला दुसरा विषय नाही. त्याची झळ सगळ्यांनाच बसते, पण मुलींना जास्त बसते. म्हणून आज या पानावर हा विषय.

आधी सहावी ते आठवीच का, ते सांगते. पाचवीपर्यंतचं गणित बोटांवर, मण्यांवर, काड्यांवर भागतं. सहावीत ते बोटांवरून सुटतं. शून्याच्या अलीकडच्या ऋण संख्या येतात, अपूर्णांकांचे गुणाकार-भागाकार येतात, मग आकड्याच्या जागी अक्षर येतं. इथं ज्याला आधार मिळत नाही, तो पाठांतराकडे वळतो. आठवीपर्यंत पाठांतर साथ देतं, नववीत ते हात सोडतं. तोवर घरात निकाल लागलेला असतो, ‘हिला गणित जमत नाही हो, आर्ट्सलाच घालू.’ आर्ट्सला जाण्यात काहीच कमीपणा नाही. पण आवडीनं जाणं वेगळं आणि दार बंद झालं म्हणून जाणं वेगळं.

हे दार आपल्याकडे एकेकाळी मुलींसाठी सरळसरळ बंदच असायचं. जुन्या मॅट्रिकच्या काळात बऱ्याच ठिकाणी मुलींनी गणिताऐवजी गृहशास्त्रासारखा विषय घ्यावा, हे गृहीतच होतं. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानं पहिल्या दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचं करावं, अशी शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. ज्या जिल्ह्यात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याच जिल्ह्यातल्या माणसाचा हात मुलींपर्यंत गणित पोचवण्यात होता, याचा आपण अभिमान बाळगायला हवा. कागदावरचं दार त्यांनी उघडलं. वर्गातलं दार उघडायचं काम आपलं आहे.

आता खोलीविषयी. मला काही महागडी गणित प्रयोगशाळा नको आहे. प्रत्येक शाळेत एखादी अडगळीची खोली असतेच. तुटके बाक, जुने नकाशे, गॅदरिंगचे मुकुट. ती साफ करून घ्या. एका भिंतीवर चौकटी आखलेला फळा लावा, म्हणजे आलेख काढताना दर वेळी रेघोट्या ओढाव्या लागत नाहीत. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी बांधा आणि कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवा. ही झाली संख्यारेषा. चिठ्ठीवर ३/८ लिहायचं, दुसऱ्या चिठ्ठीवर २/५, आणि दोन्ही चिमट्यानं दोरीवर लावायचे. कोण डावीकडे, कोण उजवीकडे? यावर आमच्या वर्गात जी भांडणं होतात, ती ऐकण्यासारखी असतात.

बाकीचं सामान तुमच्या-माझ्या घरातलंच. शिंप्याचा टेप, काड्यापेट्या, जुनी कॅलेंडरं, स्वयंपाकघरातला वजनकाटा. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा भूमितीच्या आकृत्यांना इतका उत्तम असतो की, लग्नसराई संपली की मी मुलांना पत्रिका आणायला सांगते. एक कुलपाचं कपाट मात्र हवंच. कपाट नसलेल्या शाळेत टेप आठवडाभर टिकत नाही, हे प्रत्येक शिक्षिका सांगेल.

आणि हवा पंचगंगेचा खांब! दाराच्या चौकटीशेजारी फूट आणि इंच रंगवून घ्यायचे. दर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी कोल्हापुरात लहान पोरालाही तोंडपाठ असते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, ते इथं कोण विसरेल? आता सातवीच्या वर्गाला विचारा, ४३ फूट ७ इंच म्हणजे ४३.७ फूट का? निम्मा वर्ग ‘हो’ म्हणतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘बाई, फुटात बारा इंच असतात की!’ मग सात भागिले बारा होतं, उत्तर ४३.५८ च्या आसपास येतं, आणि दशांश चिन्ह म्हणजे नुसता टिंब नाही, हे पोरांना कळतं. पुस्तकातली वीस उदाहरणं सोडवून जे होत नाही, ते एवढ्यानं होतं. कारण पाणी त्यांच्या गल्लीत आलेलं असतं.

मैदानावर फक्कीनं ३३ फूट बाय ३३ फुटांचा चौकोन आखा. हा झाला एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. घरात उसाचा प्लॉट असलेल्या पोरांना गुंठा शब्द पाळण्यापासून माहीत असतो, पण तो डोळ्यांनी बघितलेला नसतो. मग विचारायचं, चौकोनाची बाजू निम्मी केली तर जागा किती? ‘अर्धा गुंठा,’ सगळे छातीठोकपणे सांगतात. मोजलं की पाव गुंठा निघतो. त्या दिवशी वर्ग म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही.

पण खोली सजवली म्हणजे वर्ग चालला असं नव्हे. याच मैदानावर मी बघते, गट पाडले की टेप मुलांच्या हातात जातो आणि वही मुलींच्या. ‘तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही.’ मुलगी बिचारी आनंदानं लिहिते. मोजायचं त्यानं, ठरवायचं त्यानं, सुवाच्य अक्षरात उतरवायचं हिनं. तेराव्या वर्षी ही वाटणी अंगवळणी पडली की पुढे ऑफिसातही तीच राहते. म्हणून आमच्या वर्गात नियम आहे. दर तासाला टेप हात बदलतो, वहीही हात बदलते. नियम फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो, म्हणजे वाद नको.

दुसरा नियम थांबण्याचा. प्रश्न विचारला की चार पोरं ओरडून उत्तर देतात आणि तास पुढे सरकतो. आपल्याला वाटतं वर्गाला कळलं. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचं निरीक्षण केलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, असं तिला दिसलं. तीनेक सेकंद थांबलं की उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात, एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. तीन सेकंद! म्हटलं तर काहीच नाही, पण पंचावन्न पोरांच्या वर्गात ते गप्प राहणं फार अवघड असतं. करून बघा. मागच्या बाकावरचा हात वर येतो, आणि बहुतेक वेळा तो मुलीचा असतो.

तिसरा नियम, चुकीला हसायचं नाही, चूक फळ्यावर लिहायची. १/२ अधिक १/३ बरोबर २/५, ही चूक दर वर्षी येते. लाल फुली मारून काय होणार? मी विचारते, अर्धी भाकरी ताटात होती, त्यात आणखी एक-तृतीयांश वाढली, तर ताटात अर्धीपेक्षा जास्त हवी की कमी? जास्त. मग २/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? कमी! वाढल्यावर भाकरी कमी कशी झाली? वर्ग हसतो, पण त्या मुलाला नव्हे, उत्तराला. छेद समान का करायचा, ते मग स्वतःच शोधतात.

चौथी गोष्ट आहे कोपऱ्यातलं कोडं. ही कल्पना आपल्या कोल्हापूरच्याच घराण्याची. जयंत नारळीकरांचा जन्म इथला, १९३८ चा. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. शिकायला त्यांच्याकडे राहिलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार घरातल्या फळ्यावर शाळकरी जयंतसाठी गणिती आव्हान लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत तसंच राहू देत. मार्क नाहीत, घड्याळ नाही. आमच्या खोलीत सोमवारी कोडं लागतं, शनिवारपर्यंत राहतं. घाई नसलेलं गणित ही चैन प्रत्येक मुलाला मिळायला हवी. घरात प्राध्यापक नसतील तर ती शाळेतच मिळणार.

‘हे सगळं करत बसलात तर सिलॅबस कधी पुरा होणार?’ हा प्रश्न मला स्टाफरूममध्येही विचारतात आणि पालकसभेतही. रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर असं की, सिलॅबस ‘पुरा’ झाला म्हणजे माझ्याकडून झाला, पोरांकडून नव्हे. सहावीत अपूर्णांकांवर दोन आठवडे जास्त गेले तर आठवीत चार आठवडे वाचतात, कारण समीकरणं सोडवताना अपूर्णांक शिकवायला परत यावं लागत नाही. राहिला प्रश्न खासगी क्लासचा. तिथं ‘ट्रिक’ मिळते. ट्रिक वाईट नाही, पण ती का चालते ते कळलं नाही तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरते.

आता थोडं आपल्याविषयी, म्हणजे आयांविषयी. पालकसभेत मुलीला शेजारी बसवून किती आया सहज बोलून जातात, ‘मलापण गणित कधी आलं नाही बघा, माझ्यावरच गेलीय.’ बोलण्यात प्रेमच असतं. पण मुलगी ऐकत असते. २०१० साली सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या मुली वर्षअखेरीस ‘गणित मुलांचं, वाचन मुलींचं’ असं मानण्याची शक्यता जास्त होती, आणि अशा मुली गणितात मागे पडल्या होत्या. मुलांवर तो परिणाम दिसला नाही. भीती बाईकडून मुलीकडे जाते, ती अशी. शिक्षिकेकडून जात असेल, तर आईकडून जाणार नाही का?

आणि मुळात ‘मला गणित येत नाही’ हे खरं तरी असतं का? ब्लाऊज बेतताना छातीच्या मापाचा चौथा भाग अधिक दीड इंच, असं म्हणत खूण करणारी बाई बीजगणित करत असते. माप बदलेल, सूत्र तेच. यालाच आम्ही आठवीत ‘चल’ म्हणतो. डेअरीच्या स्लिपवर फॅट एका दशांशानं घसरली की पैसे किती कापले जाणार, हे म्हशीची धार काढणारी बाई तोंडी सांगते. बचत गटातली बाई ‘शेकडा दोन’ म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे बोटावर सांगते. फक्त याला गणित म्हणायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मी आयांना वर्गात बोलावते. शिवणकाम करणाऱ्या आईनं फळ्यावर बेतणी समजावून दिली, तेव्हा तिच्या मुलीची मान किती ताठ झाली होती!

गणित न आल्याची किंमतही बाईच जास्त मोजते. गल्लीत कर्ज देणारे येतात आणि सांगतात, ‘दहा हजार घ्या, व्याज फक्त बारा टक्के.’ वर्षभराचं व्याज बाराशे, हप्ता महिन्याला साधारण ९३३ रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण दर महिन्याला मुद्दल परत जात असतं, म्हणजे वर्षभर तुमच्या हातात सरासरी साडेपाच हजारांच्या आतच रक्कम असते. त्यावर बाराशे म्हणजे बावीस टक्क्यांच्या आसपास व्याज झालं! हे आठवीचं गणित आहे. ते नीट शिकलेली मुलगी पुढे इंजिनिअर होवो न होवो, सही करण्याआधी कागद वाचेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती मागण्याचा हक्क तुम्हाला कायद्यानं दिलेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. अनुदानित शाळेत ही समिती सल्ला देण्यापुरती असते, तरी सल्ला ठामपणे देता येतो. सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि विज्ञान-गणितासाठी किमान एक शिक्षक, हेही त्याच कायद्यात आहे. आपल्या शाळेत काय स्थिती आहे, विचारलंय कधी? समितीच्या बैठकीला आपण सही करायला आणि चहा घ्यायला जातो. पुढच्या वेळी तीन गोष्टी मागा. गणितासाठी एक खोली, नाहीतर निदान एक कपाट. वर्गात पस्तीसपेक्षा जास्त मुलं असतील तर त्याचं लेखी कारण. आणि वर्षातून एक दिवस आयांसाठी गणिताचा वर्ग.

खोली मिळाली की मला जरूर कळवा. चिमटे आणि दोरी मी पाठवते.